दाराकडे आवळ, खिडकीकडे सोड

पक्केभाऊ हे त्यांचं नाव नव्हे. आमच्या नाटक कंपनीत ते सेट उभारायचे. शेवटचा बोल्ट आवळून झाला की त्यावर पान्याने टक्क करून म्हणायचे, "पक्कं." म्हणून पक्केभाऊ. पुढे पुढे पोस्टमनही याच नावाने हाक मारू लागला आणि खरं नाव नुसतंच पडून राहिलं.

त्यांनी आवळलेली वस्तू सुटत नसे, हाच त्यांचा लौकिक आणि हीच आमची आपत्ती. एका नाटकात मला संतापाच्या भरात खुर्ची उचलून आपटायची होती. रंगीत तालमीत ती खुर्ची जराशी डुगडुगली, आणि पक्केभाऊंच्या जिवाला ते लागलं. पहिल्या प्रयोगात मी खुर्चीला हात घातला. ओढली. परत ओढली. त्यांनी ती खालच्या फळ्यांना बोल्ट मारून बसवली होती. समोरच्या नटीला वाटलं मी वाक्य विसरलो, ती बिचारी माझंच वाक्य मला कुजबुजून सांगू लागली. शेवटी मी खुर्चीसमोर गुडघे टेकले आणि म्हणालो, "बाबांची खुर्ची आहे ही. हिला हात लावायचं धाडस होत नाही माझं." टाळ्या थांबेनात. पुढचे सगळे प्रयोग तसेच झाले. वर्तमानपत्रात त्या क्षणाबद्दल संयत अभिनय असा शब्द छापून आला. माझ्या कारकिर्दीत हा शब्द मला तेवढ्या एकदाच मिळाला, आणि तो मी पक्केभाऊंच्या नावावर जमा करतो.

घरीही तेच. साखरेची बरणी चुकून त्यांच्या हातून बंद झाली की घरात दोन दिवस बिनसाखरेचा चहा. न्हाणीघरातला नळ त्यांनी एकदा असा आवळला की दुसऱ्या दिवशी तो उघडताना त्यांचाच उजवा खांदा निखळला. हात गळ्यात बांधून आले आणि म्हणाले, "नळ मात्र जागचा हलला नाही हं." सांगताना चेहऱ्यावर वेदना कमी आणि अभिमान जास्त.

हे खूळ आलं कुठून, ते मला ठाऊक आहे, कारण त्यांचं लग्न ठरत होतं तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. वहिनींना आईवडील नव्हते. थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलेलं. पक्केभाऊ तेव्हा तरुण, बोलता बोलता हसायचे, हसता हसता बोलायचे. ते निघून गेले असं समजून थोरली म्हणाली, "धाकटे, याचे आटे ढिले आहेत. हा तुला कुठंच धड पोचवायचा नाही." पक्केभाऊ दाराबाहेर गेले होते, पण चप्पल घालायला वाकलेले होते. त्यांनी ते ऐकलं. लग्न झालं ते झालंच, पण त्या दिवसापासून त्यांच्या टापूतला एकही आटा त्यांनी ढिला राहू दिला नाही. थोरली त्यांच्या घरी कधीच आली नाही. दोघी बहिणी भेटायच्या, पण थोरलीच्या दारात.

आता एक कंपनीतली गोष्ट सांगतो, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमच्यात डावं-उजवं हे शब्द चालत नसत. रंगमंचावर उभ्या नटाची डावी बाजू म्हणजे समोर बसलेल्याची उजवी. यावरून तालमीत रोज भांडणं. शेवटी मालकांनी फर्मान काढलं. आमच्याकडे सेट एकच होता. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकी. राजवाडा असला तर खिडकीला मखमल, झोपडी असली तर गोणपाट. तेव्हा यापुढे डावं-उजवं बंद, दाराची बाजू आणि खिडकीची बाजू म्हणायचं. पक्केभाऊंनी त्यातून आपल्या कामाचा मंत्र केला. "दाराकडे आवळ, खिडकीकडे सोड. सोपं आहे. दार लावायचं असतं, खिडकी उघडायची असते." कंपनी बंद पडली, सेट जळाऊ लाकडाच्या भावात गेला, पण दार आणि खिडकी आमच्या तोंडात राहिली.

कंपनी बंद झाल्यावर पक्केभाऊंनी एक जुनी मोटार घेतली. घेतल्या घेतल्या तिचा बोल्ट न् बोल्ट आपल्या हाताने पक्का केला. हँडब्रेकची तार इतकी ताणली की ती तुटली. मागच्या खिडकीची काच खाली करायचा हँडल असा आवळला की काच कायमची वर राहिली. वहिनी गाडीत बसल्या की बाहेरच्याशी बोलायला दार किलकिलं करायच्या.

मग थोरलीचं जायचं ठरलं. मुलाकडे, समुद्रापलीकडे, कायमचं. संध्याकाळच्या गाडीने आमच्या स्टेशनवरून निघायचं, मग पुढे विमान. वहिनींनी तिला फोन केला. मी तिथेच चहा पीत होतो, साखरेचा.

"ताई, मी येते तुला न्यायला. स्टेशनवर आम्ही सोडू."

"कशातून?"

"यांच्या गाडीतून."

थोरली म्हणाली, "बघू." आणि थोड्या वेळाने, "टॅक्सी मी सांगून ठेवते. असू दे."

फोन ठेवून वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आयुष्यात एवढं एकदा. तिला तिच्या दारातून उचलायचं आणि धड पोचवायचं."

"पक्कं," पक्केभाऊ म्हणाले.

जायच्या दिवशी दुपारी वहिनी ठेवणीतले कपडे घालून मागच्या सीटवर जाऊन बसल्या, मांडीवर बहिणीसाठी विणलेली शाल. नळाने निखळलेला पक्केभाऊंचा हात अजून गळ्यातच होता, पण एका हाताने गाडी चालवायची सवय झालीय म्हणाले. किल्ली फिरवली, गाडी पुढे सरकली आणि कुत्र्याने कूस बदलावी तशी एका अंगाला कलली. मागच्या चाकात हवा नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीकडे बघत पक्केभाऊंनी मला हाक मारली, "महाराज, जरा खाली या." मी राजांच्या भूमिका करायचो, म्हणून महाराज. माझ्याकडे आमचा जुना तबलजी गप्पा मारायला आला होता, तोही आला. वहिनींना मी म्हटलं, उतरा, सावलीत बसा. त्यांनी दार किलकिलं केलं.

"मी उतरणार नाही. उतरले की तुम्ही सगळे म्हणाल, उद्या जाऊ. उद्या ती नाहीये."

दार बंद झालं.

व्यवस्था अशी ठरली. हँडब्रेक नाही, म्हणून पक्केभाऊ पुढे बसून पायाने ब्रेक दाबून धरणार आणि तिथूनच सूचना देणार. मी आणि तबलजी चाकाचे नट सोडणार. डिकीत फुलीच्या आकाराचा पाना होता. त्याची एक बाजू मी धरली, समोरची तबलजीने.

"खिडकीकडे," आतून आज्ञा आली.

आम्ही जोर लावला. काही हललं नाही.

"उस्ताद, मनापासून लावा की."

"लावतोय महाराज. तुम्ही अडवताय."

"मी कशाला अडवीन? तुम्हीच अंगावर येताय."

रस्त्यापलीकडे कुलूपवाल्याचं दुकान. तो दारात उभा राहून पाहत होता. "काय, नट हलत नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"कुठला? लोखंडाचा की कंपनीचा?"

तेवढ्यात कड् असा आवाज झाला. पान्याची फुली होती तिचा एक हात माझ्या हातात आला आणि मी फुटपाथवर बसलो. कुलूपवाला रस्ता ओलांडून आला, तुकडा हातात घेऊन त्याने उन्हात धरला. "पान्हा फुटतो असं ऐकलं होतं. पाना फुटताना आज पाहिला."

"काय झालं?" पक्केभाऊंनी विचारलं. ब्रेकवरचा पाय काढता येत नसल्यामुळे त्यांना मागचं काही दिसत नव्हतं.

"पाना गेला."

"आणि नट?"

"आहे तिथंच आहे."

"मीच आवळलाय तो," पक्केभाऊ म्हणाले. आवाजात समाधान लपत नव्हतं. मागून वहिनींनी त्यांच्या पाठीत शालीचं बंडल मारलं.

कुलूपवाल्याने आपल्या दुकानातून लांब दांड्याचा गोटी पाना आणला, टोकाची गोटी नटावर टोपीसारखी बसवायचा. माझी कंबर धरली होती, म्हणून तबलजी एकटाच पुढे झाला. त्याची मनगटं म्हणजे अजूनही काय सांगू. त्याने पाना बसवला, श्वास घेतला.

"खिडकीकडे, उस्ताद."

"हलला," तबलजी म्हणाला.

आम्हा सगळ्यांच्या अंगावर रोमांच आले. "किती?"

"एक मात्रा."

"सम येईपर्यंत फिरवा," पक्केभाऊ म्हणाले.

पण सम येईना. एक मात्रा हलून नट पुन्हा थांबला. दुसरा घेतला, तोही एक मात्रा. तिसरा, तसाच. तबलजीने एकेक करून सगळ्यांना एकेक मात्रा दिली. कुलूपवाला डोकं खाजवत म्हणाला, "हे काही मला कळत नाही. आमच्या धंद्यात हललं की उघडतं. हे हलतंय, पण उघडत नाही."

"संकोच वाटत असेल," तबलजी म्हणाला आणि पहिल्या नटाला आणखी एक मात्रा द्यायला गेला. गोटी उभी चिरली. कुलूपवाल्याने ती हातात घेतली, फुंकर मारली, खिशात टाकली. मग म्हणाला, "माझ्या वडिलांची होती." त्याच्या त्या वाक्याचा उच्चार इतका शुद्ध होता की मला क्षणभर खुर्ची आठवली.

वहिनींच्या पर्समधला फोन वाजला.

"निघालात का?" थोरलीचा आवाज आम्हाला बाहेरही ऐकू आला, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"निघतोच आहोत ताई. चाक जरा..."

"मला माहीत होतं," थोरली म्हणाली. एवढंच. फोन बंद झाला.

वहिनी शाल घट्ट धरून समोर पाहत राहिल्या. पक्केभाऊंनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. मी त्या माणसाला सेट कोसळताना पाहिलंय, मालक ओरडताना पाहिलंय, पण असा चेहरा पाहिला नव्हता. "महाराज," ते म्हणाले, "तो राजदंड अजून आहे का तुमच्याकडे?"

होता. माझ्या पलंगाशेजारी भिंतीवर लटकलेला, त्यावर मी टॉवेल वाळत घालतो. सगळ्यांना तो लाकडाचा वाटायचा. तो पक्केभाऊंनी मला लोखंडी नळीचा करून दिला होता, वर सोनेरी रंग आणि टोकाला काचेचा हिरा. इतकी वर्षं मी जो राजा म्हणून ताठ उभा राहिलो त्याचं निम्मं श्रेय त्या वजनाला आहे. त्या वजनाने दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

तो मी आणला. कुलूपवाल्याने दुसरा, आखूड पाना दिला, देताना डोळे मिटून घेतले. पान्याच्या दांड्यावर राजदंड चढवला. लांब दांडा, मोठा जोर. तबलजी त्याला लोंबकळला. मी मागून म्हटलं, "सावकाश, त्याच्या जोरावर मी दोन साम्राज्यं चालवलीत."

राजदंड आधी कण्हला. मग मधोमध वाकला आणि हिरा निखळून गटाराच्या जाळीवर जाऊन थांबला. नट जागच्या जागी.

वहिनींनी दार किलकिलं केलं. इथं सांगायला हवं की वहिनी आमच्या प्रॉम्प्टर. आयुष्यभर विंगेत बसून त्यांनी आमची वाक्यं आम्हाला पुरवली. नाटक अडलं आहे आणि का अडलं आहे, हे नटाच्या आधी त्यांना कळायचं. त्या हळूच, प्रॉम्प्ट देतात त्याच आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा. आणि खिडकी कुठं आहे ते हात करून दाखवा."

"वहिनी, वेळ कुठाय..."

"मिटा म्हणते ना."

आम्ही मिटले. हात केले.

"उघडा."

मी डावा हात बाहेर काढून उभा होतो. पक्केभाऊ ड्रायव्हरच्या जागेवर चांगला हात डावीकडे करून बसले होते. आणि तबलजी उजवीकडे हात करून उभा होता, शांत, खात्रीने, सम गाठल्यासारखा.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही रंगमंचावर उभे असायचो, प्रेक्षकांकडे तोंड करून. आमच्या डाव्या हाताला खिडकी. पक्केभाऊ सेटच्या मागून काम करायचे, त्यांचंही तोंड प्रेक्षकांकडे. पण तबलजी खाली, रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसायचा, आमच्याकडे तोंड करून. सगळं आयुष्य त्याने खिडकी उजव्या हाताला पाहिली होती. आणि तबला वाजवणाऱ्याला खिडकीकडे काही फिरवायला कोण कशाला सांगेल?

"म्हणजे मी इतका वेळ..." तबलजी म्हणाला.

"आवळत होतात," कुलूपवाला म्हणाला.

"प्रत्येकाला एकेक मात्रा," मी म्हटलं.

"पहिल्याला दीड," तबलजी म्हणाला. तो प्रामाणिक माणूस आहे.

पक्केभाऊ ब्रेकवर पाय ठेवूनच मान वळवून बघत होते. "उस्ताद," ते म्हणाले, "माझ्यावर आवळलंत?" त्या प्रश्नात राग नव्हता. एखाद्या गवयाने दुसऱ्याची तान ऐकून विचारावं, तसं होतं ते.

मग खेळ उलटा सुरू झाला. वाकलेला राजदंड पान्यावर, तबलजी त्याला लोंबकळलेला, या वेळी त्याच्या दाराकडे. नटाने किंकाळी फोडली आणि सुटला. दुसरा सुटला. उलट्या जोराने राजदंड हळूहळू सरळ होत गेला, नट सुटत गेले, आणि मी बाजूला उभा राहून एकाच वेळी दोन्ही गोष्टींना दाद देत होतो. शेवटचा नट उरला. तो सुटला नाही, बोल्टसकट तुटला.

"बाकीच्यांवर जाईल," पक्केभाऊ म्हणाले. "पण चाल सावकाश ठेवावी लागेल."

चाकाखाली विटा लावून त्यांना एकदाचं ब्रेकवरून उठवलं. तबलजी जॅक फिरवू लागला. वहिनी उतरल्याच नाहीत, त्यामुळे गाडीबरोबर त्याही वर जाऊ लागल्या, मांडीवर शाल, नजर समोर. नेमकी त्याच वेळी गल्लीत टॅक्सी शिरली.

थोरली उतरली. आधी तिने अधांतरी बसलेली बहीण पाहिली. मग फुटपाथवर मांडून ठेवलेले तुकडे, पान्याचा हात, सोनेरी नळी, गटाराच्या जाळीवरचा हिरा. मग तीन म्हातारे आणि कुलूपवाला. शेवटी पक्केभाऊंकडे पाहिलं. गळ्यात हात, तोंडावर घाम, अंग चोरून उभे, लग्न ठरलं त्या दिवशी चप्पल घालून निघाले होते तसे.

"हे काय?" ती म्हणाली.

"चाक सुटत नव्हतं," पक्केभाऊ म्हणाले. "मी आवळलं होतं."

"कुणी मदतीला नव्हतं?"

"होतं. त्यांनी आणखी आवळलं."

थोरलीने चाकाजवळ वाकून तुटलेला बोल्ट बोटाने चाचपला. सावकाश उठली. "मी त्या दिवशी म्हटलं होतं, याचे आटे ढिले आहेत," ती म्हणाली. "चुकलंच माझं. थोडे ढिले असते तर बरं झालं असतं."

पक्केभाऊंचे डोळे भरून आले. त्यांना ती शाबासकी वाटली. मला विचाराल तर होतीच.

वहिनींनी वरून दार किलकिलं केलं. "ताई, तू टॅक्सीने जा. उशीर होईल."

"टॅक्सीत सामान जाईल," थोरली म्हणाली. "न्यायला येणार होतीस ना? मग ने. आता हिला खाली घ्या, नाहीतर मला तरी वर घ्या."

नवं चाक बसवलं. नट लावायला पक्केभाऊ पुढे झाले तेव्हा आम्ही सगळे एकदम म्हणालो, "बेताने." त्यांनी चांगल्या हाताने आवळले, बेताने, आणि पान्याने टक्क करायला गेले. थोरली त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी पाना खाली ठेवला. 'पक्कं'ही म्हणाले नाहीत. मग राहवेना, म्हणून परत वाकून अगदी थोडं, एक मात्रा, आवळलं.

गाडी निघाली. मागे दोघी बहिणी, शाल आता थोरलीच्या खांद्यावर. तिने दार लावलं, ते लागलं. आम्हाला काही सांगायला खिडकी उघडू लागली. हँडल दोन्ही हातांनी ओढला, काच जागची हलली नाही. काचेआडून तिचे ओठ हलत होते.

"काय म्हणतायत?" तबलजीने विचारलं.

मी आयुष्यभर प्रॉम्प्टरचे ओठ वाचले आहेत. "म्हणतायत, ही खिडकी उघडत नाही."

तबलजी गाडीमागे दोन पावलं धावला. "खिडकीकडे फिरवा," तो ओरडला. मग थांबला, विचार केला आणि पुन्हा ओरडला, "माझ्या नव्हे, महाराजांच्या."